चाच्यांच्या पेटीतले जुने वीर

जपानमध्ये तेव्हा रविवारी सकाळी साडेसातला टीव्हीसमोर बसणारं मूल साधारण चार-पाच वर्षांचं असायचं. 13 फेब्रुवारी 2011 रोजी त्याच्यासमोर ‘काइझोकू सेन्ताई गोकायजर’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्यामागची परंपरा जवळजवळ 36 वर्षांची होती. आणि मालिका काढण्याचं कारणच हे, की त्या परंपरेतले सगळे जुने वीर पुन्हा पडद्यावर यावेत. अडचण उघड होती. जुने वीर ज्यांना आठवतात ते आता आईबाप झालेले; ज्याच्यासाठी मालिका काढायची त्या मुलाला त्यातला एकही ठाऊक नाही. त्यात खेळणी बनवणाऱ्या बंदाई कंपनीला दुकानात मांडता येईल अशी काहीतरी वस्तू हवी. या तिघांची सोय एकाच अर्ध्या तासात कशी लावली, ते जरा सावकाश पाहू.

आधी परंपरेविषयी दोन शब्द. ‘सुपर सेन्ताई’ या मालिका तोएई या चित्रपटसंस्थेच्या. पाच रंगांचे पाच मुखवटाधारी वीर, त्यांचा एक महाकाय यंत्रमानव आणि जग जिंकायला निघालेली एखादी दुष्ट टोळी, हा साचा ठरलेला. पहिलं पथक ‘गोरेंजर’, 5 एप्रिल 1975 रोजी अवतरलेलं; त्याची कल्पना चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांची. पुढे जवळजवळ दरवर्षी पथक बदलत गेलं. एका वर्षी डायनासोर, एका वर्षी निंजा, मग पोलीस, मग जादूगार. वर्ष संपलं की कथा संपली आणि पुढच्या पथकाचा आधीच्याशी संबंध उरला नाही. असं करत 2010 पर्यंत 34 पथकं झाली. आपल्याकडे हिंदीत डब होऊन आलेले ‘पॉवर रेंजर्स’ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी यातली बरीच पथकं नकळत पाहिली आहेत, कारण त्या अमेरिकी मालिकेतली मारामारीची बहुतेक दृश्यं या जपानी मालिकांतूनच उचललेली असत.

गोकायजर हे 35वं पथक. मुख्य लेखक नारुहिसा अराकावा. त्यांनी ‘अबारेंजर’ आणि ‘डेकारेंजर’ या जुन्या मालिकांची धुरा वाहिलेली, म्हणजे माणूस घरचाच. पण या घरच्या माणसाने नायक निवडले ते पार परके: परग्रहावरून आलेले पाच अंतराळी चाचे. कॅप्टन मार्व्हलस आणि त्याचे चार साथीदार विश्वातला सगळ्यात मोठा खजिना शोधत पृथ्वीवर उतरतात. पृथ्वी वाचवण्याशी त्यांना काही घेणं नाही. जुन्या पथकांविषयीही त्यांना फारसं ठाऊक नाही.

ही निवड सगळ्यात हुशारीची होती असं मला वाटतं. नायकच अनभिज्ञ असल्यामुळे जुना वीर समोर आला की त्याची ओळख चाच्यांना करून द्यावी लागते, आणि त्यांच्या आडून ती मुलालाही होते. जाणकार प्रेक्षकाला तीच ओळख ऐकताना आनंद होतो. वर चाचे म्हणजे लुटारू, त्यामुळे दुसऱ्याची शक्ती वापरणारा नायक ही मूळची अवघडलेली गोष्ट इथे धंद्याचा भाग होऊन जाते.

कथा सुरू होते ती एका जुन्या लढाईपासून. झांग्याक नावाच्या साम्राज्याचं आरमार पृथ्वीवर चालून आलं तेव्हा 34ही पथकं एकत्र लढली आणि आपली सगळी शक्ती पणाला लावून त्यांनी ते थोपवलं. जिंकले, पण शक्ती गेली. ती विश्वभर विखुरली आणि तिच्या छोट्या बाहुल्या झाल्या. एकेक बाहुली म्हणजे एकेक जुना वीर. बाहुलीचं कंबरेखालचं अंग फिरवलं की तिची चावी होते. चावी फोनसारख्या यंत्रात घालून फिरवायची, की चाचा त्या वीराच्या वेशात उभा राहतो. अशा चाव्यांनी भरलेली पेटी चाच्यांच्या जहाजावर आहे.

बंदाईचं काम इथे झालं. चावी लहान, रंगीत, परवडणारी, आणि एक घेऊन कोणाचंही भागत नाही. खाऊसोबत, नाणं टाकून गोळा मिळणाऱ्या यंत्रांतून, मोठ्या संचांतून, सगळीकडून चाव्या विकल्या गेल्या. धंदेवाईकपणा यात भरपूर आहे, तो लपवायचं कारण नाही. पण वस्तू आणि गोष्ट एकमेकींत इतकी घट्ट बसलेली क्वचित दिसते. 1980 सालच्या वीराची बाहुली आजच्या मुलाच्या मुठीत आली, की तो त्याचं नाव विचारणारच, आणि उत्तर द्यायला बाप शेजारी बसलेला असणार.

आता खरी कळ. अराकावांनी शक्तीचे दोन मजले केले. चावीने मिळतो तो फक्त वेश आणि शस्त्र. ते पहिल्या भागापासून चाच्यांच्या हातात आहे. त्यामुळे दर आठवड्याला चार-दोन जुनी पथकं लढाईत झळकून जातात आणि मूल खूश राहतं. पण प्रत्येक पथकाची एक ‘महाशक्ती’ही आहे. ती पेटीत नाही. ज्याची आहे त्याने आपणहून द्यावी लागते, आणि सगळ्या महाशक्ती जमल्याशिवाय खजिना हाती लागत नाही. एखादा बुजुर्ग गवई घराण्यातली अनवट चीज शिष्याची तयारी आणि नियत पाहूनच देतो, तसं हे आहे. म्हणून चाच्यांना जुन्या वीरांच्या दारात जावं लागतं. तिसऱ्याच भागात जादूगार पथकाचा काई ओझू भेटतो आणि त्यांचं धैर्य जोखतो. डेकारेंजर पोलीस आहेत, तेव्हा चाचे म्हटल्यावर ते आधी बेड्याच काढणार. देणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे परीक्षा बदलते, आणि परीक्षेच्या निमित्ताने त्या जुन्या मालिकेचा गाभा नव्या मुलापुढे उलगडतो.

मग प्रश्न उरतो तो नटांचा. दहा-वीस वर्षांनी प्रत्येक नट येईलच असं नाही. कोणी मोठा तारा झालेला असतो, कोणी अभिनय सोडलेला. इथे या प्रकारच्या मालिकांची जुनी कामाची पद्धत उपयोगी पडते. चेहरा दिसतो तोवर एक नट. मुखवटा चढला की पोशाखात दुसराच माणूस. उड्या, कोलांट्या, तलवारबाजी हे सगळं तो पोशाखातला कलाकार करतो आणि आवाज नंतर भरला जातो. ही माणसं मुख्यतः सोनी चिबा यांनी 1970 साली स्थापन केलेल्या आणि आता ‘जपान ॲक्शन एंटरप्राइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतली. गोकाय रेडच्या पोशाखात हिरोफुमी फुकुझावा होते. त्याआधी कित्येक पथकांचे लाल वीरही तेच. थोडक्यात, जुना वीर पडद्यावर आणायला पोशाख आणि त्यात शोभेल अशी देहबोली पुरते. नट आला तर दुधात साखर.

या सोयीचा फायदा खलनायकाच्या बाजूनेही घेतला आहे. बास्को नावाचा मार्व्हलसचा जुना दगलबाज सोबती चाव्यांतून वीरांना जिवंत करतो, पण ते मुके आणि निर्बुद्ध. त्याच्या तालावर चालणारी प्यादी. एकाही जुन्या नटाला न बोलावता जुन्या वीरांशी लढाई! खर्च वाचला, आणि वीरांच्या आठवणींची विटंबना करणारा खलनायकही मिळाला. तसंच ‘शिंकेंजर’ या सामुराई पथकाच्या वेळी मुख्य नायक आला नाही. आली ती शिबा घराण्याची खरी वारस काओरू. तडजोड असेल, पण कथेच्या दृष्टीने घराण्याची शक्ती तिनेच देणं अगदी रास्त.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 28वा भाग. ‘जेटमॅन’ ही 1991-92 ची मालिका. तिच्या शेवटच्या भागात गाई युकी हा काळा वीर मित्राच्या लग्नाच्या दिवशी एका भुरट्या चोराच्या सुऱ्याने जखमी होतो, तसाच लग्नाला येतो आणि बाकावर बसल्या बसल्या मरतो. मुलांच्या मालिकेत असा मृत्यू! तो वीर 2011 मध्ये परत आणायचा कसा? तो मेला आहे, हे अजिबात न पुसता. गाई भूत होऊन येतो, मूळ नट तोशिहिदे वाकामात्सूच्याच रूपात, आणि भाग लिहायला जेटमॅनचे मूळ लेखक तोशिकी इनोऊए यांना बोलावलं गेलं. ‘टाइमरेंजर’च्या वेळीही हेच सूत्र पाळलं: त्या मालिकेच्या लेखिका यासुको कोबायाशी यांनीच 40वा भाग लिहिला आणि 30व्या शतकातून आलेल्या डोमोनची आपणच अर्धी सोडलेली गोष्ट पुढे नेली. जुन्या पात्राचा मान राखायचा तर त्याचा आवाज ज्याने घडवला त्याच्याच हाती लेखणी द्यावी, हे निर्मात्यांना कळलं होतं.

सहावा वीर गाई इकारी हा मात्र पृथ्वीचाच, आणि जुन्या पथकांचा अट्टल भक्त. कोणता वीर कोणत्या पथकातला, हे त्याला तोंडपाठ. त्याला शक्ती देतात ते आपापल्या मालिकेत मरण पावलेले तीन वीर: ड्रॅगनरेंजर, टाइमफायर आणि अबारेकिलर. आईबापांच्या बाजूने पडद्यावर बसवलेला हा प्रतिनिधी कधीकधी किंचाळून वात आणतो, पण माहिती सांगायचं काम त्याच्याइतकं कोणी करत नाही.

हिशेब मात्र जमणारा नव्हता. भाग 51, पथकं 34, आणि चाच्यांची स्वतःचीही गोष्ट सांगायची. तेव्हा बऱ्याच जुन्या पथकांच्या महाशक्ती एका चित्रपटात एकगठ्ठा देऊन टाकल्या. 199 वीरांना एकत्र आणणारा हा चित्रपट मे 2011 मध्ये यायचा होता. मार्चमधल्या भूकंपामुळे तो 11 जूनला आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पथकांच्या वाट्याला त्यामुळे स्वतंत्र भाग आलाच नाही. हा अन्याय आहे. झांग्याक साम्राज्यही खलनायक म्हणून बेतास बात. बास्को नसता तर उत्तरार्ध ढेपाळला असता.

तोएईने हाच प्रयोग ‘कामेन रायडर’ या आपल्या दुसऱ्या वीरमालिकेत वेगळ्या रीतींनीही केला आहे. ‘कामेन रायडर डेकेड’ (2009) मध्ये नायक समांतर जगांत फिरतो आणि तिथे जुने रायडर भेटतात, पण बहुतेक नव्या नटांच्या रूपात. नाव तेच, माणूस वेगळा. ‘कामेन रायडर झी-ओ’ (2018-19) मध्ये शत्रू जुन्या रायडरचा इतिहासच पुसतो, रायडरला स्वतःची शक्ती आठवतही नाही आणि ती घड्याळाच्या रूपाने नव्या नायकाकडे येते. झी-ओची कल्पना देखणी आहे: त्याच्या मुखवट्यावर डोळ्यांच्या जागी जपानी लिपीत चक्क ‘रायडर’ असं लिहिलेलं असतं. पण दोन्हींकडे जुन्या वीराकडून काहीतरी हिरावलं जातं. गोकायजरमध्ये चाचे असूनही ते मागून घेतात.

अमेरिकेत याच चित्रीकरणावरून 2014 मध्ये ‘पॉवर रेंजर्स सुपर मेगाफोर्स’ निघाली. पोशाख चाच्यांचे, पण चाच्यांची गोष्ट गायब. जुन्या वीरांची शक्ती नायकांना गुरूकडून आयतीच मिळाली, आणि जी जपानी पथकं अमेरिकेत कधी पोहोचलीच नव्हती त्यांचे वेशही मध्येच येऊन गेले. चाव्या त्याच, यंत्र तेच. पण मागणं आणि देणं काढून टाकल्यावर उरला तो कपडेबदल.

जपानी मालिकेच्या अखेरीस खजिना सापडतो. त्याने विश्व नव्याने घडवता येईल, झांग्याक कधी नव्हतेच असं करता येईल. किंमत एवढीच, की 34 पथकंही कधी झालीच नव्हती असं होईल. चाचे खजिना नाकारतात, स्वतःच्या बळावर लढतात, आणि निघताना सगळ्या शक्ती ज्याच्या त्याला परत करतात.

पाहायची इच्छा असेल तर सरळ पहिल्या भागापासून सुरू करा. आधीची एकही मालिका पाहिलेली नसली तरी अडत नाही. एकच करा: 28व्या भागाआधी ‘जेटमॅन’चा शेवटचा भाग मिळवून पाहा.