मूल म्हणतंय ‘क्लासला नाही जायचं’. ते नेमकं कशाला कंटाळलंय?

मोठ्या हौसेनं पेटी घरी येते किंवा तबल्याच्या क्लासची फी भरली जाते. पहिले काही महिने मूल स्वतःहून वाजवायला बसतं. दोन-तीन वर्षांनी मात्र क्लासची वेळ झाली की पोट दुखायला लागतं, अचानक गृहपाठ आठवतो, नाहीतर सरळ ‘मला नाही जायचं’ असं उत्तर येतं. मग घरात दोनच मार्ग दिसतात: ओरडून पाठवायचं किंवा क्लास बंद करायचा.

हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. मूल कंटाळलंय ते गाण्याला, परीक्षेला की घरच्या कटकटीला? कारण वेगळं असेल तर उपायही वेगळा.

साधा कंटाळा की बर्नआउट?

‘बर्नआउट’ हा शब्द मुळात नोकरीच्या ताणासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत: थकवा, कामाबद्दल दुरावा आणि आपल्याला हे जमत नाही ही भावना. संघटनेच्या व्याख्येनुसार हा शब्द कामाच्या ठिकाणापुरताच आहे. तरी पालकांना ही तीन लक्षणं खुणेसारखी उपयोगी पडतात.

पलटे घोटायचा कंटाळा प्रत्येकालाच येतो. पण मूल एरवी गुणगुणतही नसेल, आवडती गाणीही टाळत असेल आणि ‘मला येतच नाही’ असं वारंवार म्हणत असेल, तर तो फक्त आळस नाही.

परीक्षेचा यात काय संबंध?

महाराष्ट्रात अनेक क्लास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवर चालतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्याच परंपरेतलं हे मंडळ. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या चढल्या की मूल ‘विशारद’ होतं. शिवाय शास्त्रीय संगीताच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना राज्य मंडळाच्या दहावीत अतिरिक्त गुण मिळतात. त्यामुळे ‘दहावीआधी एवढ्या परीक्षा झाल्याच पाहिजेत’ असं गणित घरात सुरू होतं.

परीक्षेचा फायदा आहेच. अभ्यासाला दिशा मिळते, राग आणि ताल क्रमानं शिकून होतात. अडचण येते ती प्रमाणपत्र हेच क्लासचं एकमेव कारण झाल्यावर.

बक्षीस दिलं की आवड वाढते?

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल.’ दुसऱ्या गटाला न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मुलांना मोकळं सोडल्यावर पहिल्या गटातली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती.

म्हणजे घात बक्षिसानं केला नव्हता, बक्षिसासाठीच काम करायला लावल्यानं केला होता. ‘परीक्षा दे, सायकल घेऊन देतो’ म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं.

आवाज फुटतो तेव्हा

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं आणि ते सहज निसटतं. साधारण १२ ते १४ या वयात आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चारमध्ये सहज गाणाऱ्या मुलाचा आवाज वरच्या स्वरांवर चिरकतो. सगळ्यांसमोर हसं होतं, म्हणून मूल गाणंच टाळतं. अशा वेळी जोर लावून गाऊन घेऊ नये. पट्टी खाली आणणं, खर्जाचा हलका रियाज करणं किंवा काही महिने तबला, पेटीकडे वळणं यातलं काय करायचं, ते गुरुजींशी किंवा बाईंशी बोलून ठरवावं.

घरी काय करता येईल?

रियाज थोडा, पण रोज. रविवारी एकदम दोन तास बसवण्यापेक्षा रोजची १५-२० मिनिटं मुलांच्या जास्त पचनी पडतात. मनगट, बोटं किंवा घसा दुखत असेल तर त्या दिवशी थांबायचं आणि शिक्षकांना सांगायचं.

शेवटची पाच मिनिटं मुलाची. कायदा किंवा पलटे झाले की सिनेमातलं गाणं, आरती, मनाला येईल ते वाजवू द्यावं.

पालकांनी श्रोता व्हावं. ‘किती वेळ केलास?’ ऐवजी ‘आज काय शिकलास, ऐकव ना’ असं विचारलं तर रियाजाची हजेरी होत नाही. शेजारच्या मुलाची कितवी परीक्षा झाली, हा विषय घरात नकोच.

परीक्षेचं एक सत्र सोडता येतं. मंडळाच्या परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होतात. एक हुकली तर पुढची असतेच. क्लास चालू ठेवून परीक्षा थांबवणं, हा ओरडणं आणि बंद करणं यांच्यामधला मार्ग बऱ्याच घरांना सुचतच नाही.

आणि तरीही सोडायचंच असेल तर?

मग भांडणाच्या दिवशी ठरवू नये. चालू महिना किंवा हातातला राग पूर्ण करावा, शिक्षकांना भेटून सांगावं आणि निरोप नीट घ्यावा. ‘एवढे पैसे वाया घालवलेस’ हे वाक्य टाळावं, कारण मुलाच्या मनात संगीताची शेवटची आठवण तीच राहू शकते. पेटी लगेच विकूही नये. हाताशी राहील अशी ठेवली तर मूल पुन्हा कधीतरी स्वतःहून भाता उघडू शकतं, आणि तेव्हा समोर परीक्षा नसेल.