जाहिरातींच्या पैशांतून सात लाटा

टीव्हीवर जाहिरात लागली की आपण रिमोट शोधतो. मैत्रिणींनो, एका बाईने मात्र अशाच जाहिरातींच्या कमाईतून आपला पहिला अल्बम काढला, तोही एकही गाणं न गाता!

ही अमेरिकेतली सुझान चियानी, जन्म १९४६चा. संगीतरचनेत एम.ए. करायला ती कॅलिफोर्नियात बर्कलीला गेली आणि डॉन बुक्ला यांच्या सिंथेसायझरच्या प्रेमातच पडली. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातल्या कॅसिओसारखं काही डोळ्यांपुढे आणू नका हं. याला पियानोच्या पट्ट्या नाहीत. नुसती बटणं आणि वायरींचं जंजाळ. इथली वायर तिथे खोचली की आवाज बदलतो. बुक्लांच्या कारखान्यात तिने सोल्डरिंगचं कामही केलं.

१९७४मध्ये ती न्यूयॉर्कला आली. पण बाई म्हटली की तिने गायलाच हवं, असा तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांचा हिशेब. मशीन वाजवणाऱ्या बाईचं करायचं काय, हे त्यांना कळेना. मग तिने जाहिराती धरल्या. कोका-कोलाची बाटली फटकन उघडते, फसफसत ग्लासात ओतली जाते, तो आवाज तिने मशीनवर बनवला. बाटली नाही की थेंबभर कोक नाही! १९८१मध्ये एका हॉलिवूडपटाचं संगीतही तिने दिलं.

मला तिचं विशेष वाटतं ते पुढेच. शिकवण्या म्हणा, फराळाच्या ऑर्डरी म्हणा, पैसा येतो आणि घरात जिरतो. आपलं खरं आवडीचं काम राहतं ‘पुढच्या वर्षी’वर. सुझानने जाहिरातींचा पैसा स्टुडिओत घातला. त्यातून झाला ‘सेव्हन वेव्ह्ज’, म्हणजे सात लाटा.

मी तो कपड्यांना इस्त्री करताना मोबाइलवर ऐकला. मशीनचं संगीत म्हणजे ठणठणाट, असं वाटलं होतं. इथे तर प्रत्येक तुकडा समुद्राच्या गाजेने सुरू होतो आणि त्यातच विरतो. ताल संथ, कुठे घाई नाही. खरं सांगू, मधेच जरा लांबल्यासारखंही वाटलं. पण पाचवी लाट ‘वॉटर ललबाय’, म्हणजे पाण्याची अंगाई, लागली आणि मी इस्त्री बंद करून चक्क खाली बसले.

अल्बम आधी निघाला जपानमध्ये, १९८२ साली. सुझान तेव्हा पस्तिशी ओलांडलेली. तिच्या स्वतःच्या अमेरिकेत तो यायला १९८४ उजाडलं. पुढे ग्रॅमीसाठी तिला पाच नामांकनं मिळाली, आणि सत्तरीतही ती तोच वायरींचा पसारा मांडून मंचावर बसत होती.