पाड्याचा ठिपका : आपल्या नोंदवहीत नकाशा कसा आला



गेल्या पावसाळ्यात आमची गाडी औषधे घेऊन पाटीलपाड्यात पोहोचली, तर तिथे कोणी आजारीच नव्हते. ज्या पाटीलपाड्यातून निरोप आला होता, तो ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाच्या हद्दीत होता. फिरून तिथे जाईपर्यंत अंधार पडला. तापाने फणफणलेले ते मूल देवकृपेने बरे झाले, पण चूक आमची होती. आमच्या वहीत पाड्याचे नाव होते, पाडा नेमका कुठे आहे हे नव्हते.

मोखाडा-जव्हारच्या डोंगरात एकेका गावाचे अनेक पाडे दूरदूर विखुरलेले असतात. नकाशात बहुधा गावाचे नाव सापडते, पाड्याचे सापडत नाही. म्हणून भेटींची नोंद ठेवणाऱ्या आपल्या वेब अ‍ॅपमध्ये यंदा आम्ही नकाशा बसवला. हे काम तुमच्या आधारावर चालते, तेव्हा ते कसे केले हे तुम्हांला सांगितले पाहिजे.

नकाशा विकत घ्यावा लागला नाही. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करतात. तो कोणीही वापरावा, फक्त नकाशावर त्यांचे श्रेय लिहावे, अशी अट आहे. त्यांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात, म्हणून आम्हीही वापर बेताने ठेवतो. तो नकाशा पडद्यावर हलता ठेवणारे साधन म्हणजे लीफलेट. युक्रेनच्या व्होलोदिमिर आगाफोन्किन यांनी ते २०११ मध्ये सर्वांसाठी मोफत खुले केले.

बोटाने सरकवला की नकाशा सरकतो, तो कसा? तो एकसंध चित्र नसून चौकोनी फरशांसारख्या तुकड्यांचा बनलेला असतो. सर्वांत दुरून पाहिले तर सारे जग एकाच फरशीत मावते. एक पायरी जवळ गेले की ४ फरशा होतात, पुढच्या पायरीला १६. सोळाव्या पायरीपर्यंत हा आकडा ४२९ कोटींच्या वर जातो. पण पडद्यावर दिसणाऱ्या मोजक्या फरशाच मागवल्या जातात, त्यामुळे साध्या मोबाईलवरही नकाशा उघडतो.

त्यावर आपले ठिपके आम्ही ठेवले. कार्यकर्ता पाड्यात उभा राहून मोबाईलवर एक बटण दाबतो आणि तिथले अक्षांश-रेखांश नोंदले जातात. मोबाईल हे स्थान उपग्रहांवरून ओळखतो, म्हणून रेंज नसली तरी चालते. नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज मिळाली की पुढे जाते. ठिपक्यावर बोट ठेवले की पाड्याचे नाव, शेवटच्या भेटीची तारीख आणि पावसात रस्ता बंद होतो का, एवढे दिसते.

पहिल्या दिवशी मात्र आमचे सगळे पाडे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडले! मोखाड्याचा अक्षांश साधारण १९.९ आणि रेखांश ७३.३. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, तर आमच्या माहितीच्या फाईलमध्ये आधी रेखांश लिहिण्याची रीत होती. आकड्यांची अदलाबदल झाली. आम्ही खूप हसलो, पण एक धडाही घेतला. आता प्रत्येक ठिपका त्या पाड्यातल्याच माणसाला दाखवल्याशिवाय पक्का करत नाही.

दुसरा धडा हसण्यासारखा नव्हता. कुपोषित मुलांच्या घरांवर आम्ही लाल ठिपके ठेवले होते. एका अंगणवाडीताईंनी ते पाहिले आणि विचारले, "दादा, हे कोणाचं घर आहे ते सगळ्यांना कळेल ना?" मी गप्प झालो. मदत करायला निघालो आणि एका आईची लाज चारचौघांत मांडून बसलो, असे झाले होते. त्याच रात्री ते ठिपके काढले.

आता दोन नकाशे आहेत. सर्वांसाठीच्या नकाशात फक्त पाडे दिसतात आणि त्यांचे आकडे दशांश चिन्हानंतर दोनच ठेवले आहेत. त्यामुळे जागा सुमारे एक किलोमीटरच्या अंदाजानेच कळते. चार आकडे ठेवले तर ती अकरा मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दारापर्यंत पोहोचते. घरांची माहिती फक्त भेटीला जाणाऱ्यांना, पासवर्ड दिल्यावरच मिळते. ठिपका पडद्यावर नुसता लपवून भागत नाही, कारण माहिती तोवर पाहणाऱ्याच्या यंत्रात पोहोचलेली असते. म्हणून आपला सर्व्हर ती इतरांना पाठवतच नाही.

या नकाशाने आम्हांला आणखी एक गोष्ट दाखवली. भेटींच्या तारखा ठिपक्यांवर चढल्या, तेव्हा डांबरी रस्त्यालगतचे पाडे पुन्हा पुन्हा भेटलेले दिसले आणि ओढ्यापलीकडचे महिनोन्‌महिने कोरे. वहीत हे कधी डोळ्यांत भरले नव्हते. आता महिन्याचा दौरा आम्ही कोऱ्या ठिपक्यांपासून आखतो.

तुमच्या मंडळीतील तरुणांना यात घरबसल्या हात लावता येईल. उपग्रहचित्रे पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर पायवाटा, ओढे आणि घरे रेखाटता येतात. एक संगणक आणि रविवारची दुपार पुरे. नावे मात्र पाड्यातली माणसेच सांगतील आणि ती आम्ही भरू.

पावसाळा पुन्हा येईल, ओढे भरतील. तेव्हा गाडी योग्य पाटीलपाड्यात वेळेवर पोहोचावी, यासाठी आम्हांला प्रार्थनेत आठवा.