कंपाचे मापन आणि कंपाची जाणीव

हात थरथरणाऱ्या व्यक्तीने सांगितलेला त्रास आणि उपकरणाने टिपलेला कंप यांत तफावत आढळली की सांगणारा वाढवून सांगतो, असे सहज मानले जाते. परंतु या दोन नोंदी मुळात एकाच गोष्टीच्या नसतात. मनगटावर बांधलेले त्वरणमापक, म्हणजे वेगात क्षणोक्षणी होणारा बदल टिपणारे यंत्र, हात सेकंदाला किती वेळा आणि किती जोराने हलला एवढेच नोंदवते. त्या हलण्याने कोणते काम अडले, हे त्याला कळत नाही.

बडोद्याच्या खंडेराव मार्केटसारख्या ठिकाणी हा भेद चांगला उमगतो. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1906 मध्ये बांधलेल्या या वास्तूत महानगरपालिकेची कचेरी आहे आणि मागच्या बाजूस भाजी, फळे व फुलांचा बाजार भरतो, त्यामुळे एकाच आवारात हाताची अगदी निरनिराळी परीक्षा होते. ‘इसेन्शियल ट्रेमर’ या विकारात हात वापरताना किंवा विशिष्ट स्थितीत धरून ठेवताना, बहुधा सेकंदाला 4 ते 12 आवर्तनांचा, कंप येतो. अशा माणसाला भाजीची पिशवी खाली सोडून नेताना फारसे काही जाणवणार नाही, मात्र सुटी नाणी मोजून देताना किंवा अर्जावर सही करताना तोच कंप नकोसा होईल. पार्किन्सनच्या आजारातला कंप प्रामुख्याने हात निवांत असताना, सेकंदाला 4 ते 6 आवर्तनांनी येतो आणि हालचाल सुरू होताच पुष्कळदा ओसरतो. तरीही सही बिघडते, कारण हालचाल मंदावल्याने अक्षर बारीक होत जाते. यंत्र त्या क्षणी कंप कमी दाखवील आणि रुग्ण तक्रार करील, आणि दोघेही खरे असतील. (कोणत्याही थरथरीला सरसकट ‘कंपवात’ म्हणण्याची सवय हा भेद आणखी झाकते.)

सर्वांत हट्टी गैरसमज कार्यात्मक कंपाविषयी आहे. मेंदूच्या रचनेत दोष न दिसता, त्याच्या कार्यपद्धतीतील बिघाडामुळे येणारा आणि लक्ष दुसरीकडे वळताच बहुधा मंदावणारा हा कंप ढोंग नव्हे. तो रुग्णाच्या इच्छेने होत नाही. लंडनमधील संशोधकांनी 2012 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांनी पाच दिवस मनगटी यंत्र वापरले आणि कार्यात्मक कंप असलेल्यांनी सांगितलेला काळ यंत्राने नोंदवलेल्या काळापेक्षा कितीतरी जास्त निघाला. या निष्कर्षाला मोठी प्रसिद्धी मिळाली. मात्र इतर प्रकारचा कंप असलेल्यांनीही यंत्रापेक्षा जास्तच काळ सांगितला होता, हा त्याच अभ्यासातील भाग फारसा उद्धृत होत नाही. पुढे नेदरलँड्समध्ये 30 दिवस चाललेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून अनेकदा रोजनिशी भरून घेतली गेली, तेव्हा जाणीव आणि मापन यांचा संबंध दोन्ही गटांत सारखाच आढळला. काही दिवसांनी आठवून सांगणे आणि त्या त्या वेळी लिहिणे यांतला फरक येथे विचारात घ्यावा लागतो, कारण आठवणीत त्रासाचे क्षण ठळक राहतात आणि हात स्थिर होता ते तास विरून जातात.

यंत्राचा आकडा म्हणजे अंतिम सत्य, हाही समज तपासून घ्यावा. मानसिक ताणाने कंप वाढतो, म्हणून तपासणीच्या खोलीतली काही मिनिटे घरच्या दिवसाचे चित्र देतीलच असे नाही. शिवाय डॉक्टरांच्या श्रेणीमापनात एका अंकाचा फरक म्हणजे कंपाच्या विस्तारात सुमारे तिपटीचा फरक असतो; त्यामुळे प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाने थरथरीचा विस्तार निम्म्यावर आला तरी श्रेणी तीच राहू शकते, आणि काठोकाठ भरलेला चहाचा कप पूर्वीसारखाच सांडत असल्यास रुग्ण ‘काही फरक नाही’ असे सांगतो, तेव्हा तो कपाविषयी बोलत असतो.