आंबा बागायतदाराची वेबसाइट, कमी खर्चात

देवगड-रत्नागिरीकडचे अनेक छोटे बागायतदार आता पेट्या वाशीच्या दलालाकडे न पाठवता थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला देऊ बघतात. ओळखीच्या माणसांत व्हॉट्सॲपवर विक्री होते. ओळखीबाहेरचा माणूस मात्र आधी बागेचं नाव शोधतो, आणि शोधल्यावर त्याला काहीतरी भरवशाचं दिसावं लागतं. त्यासाठी वेबसाइट हवी. ती देखणी असावी, पण तिच्यापायी हंगामाची कमाई जाऊ नये. लहान बागेला हे कसं जमवता येतं ते पाहू.

रंग आणि टेम्प्लेट नंतर. आधी कागद घ्या आणि गिऱ्हाइकाचे प्रश्न लिहून काढा. आंबा खरंच देवगडचा आहे का? पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचं, भाव काय? कच्चा येणार की तयार? माझ्या पिनकोडला पोहोचेल का, किती दिवसांत? फळ खराब निघालं तर? हीच उत्तरं याच क्रमाने वरून खाली मांडली की वेबसाइटचा आराखडा तयार झाला. एकच लांब पान पुरतं. ‘आमचं ध्येय’, ‘आमची वाटचाल’ अशी पाच पानं उघडून ती अर्धवट भरलेली ठेवण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

पैसे कुठे घालायचे? पहिल्यांदा नावात, म्हणजे डोमेनमध्ये. डॉट इन किंवा डॉट कॉमचं साधं नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतं. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. नाव फोनवरून एकदा सांगितल्यावर समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत नावंही मिळतात. ती आवडली तर जोडीला घ्या, कारण पत्ता टाइप करताना बहुतेकांचा कीबोर्ड अजून इंग्रजीच असतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर ते राहिलं आणि तो मुलगा नोकरीला बाहेर गेला, तर दुकानाची किल्ली त्याच्याकडेच राहते.

वेबसाइट ठेवायची जागा एका पानासाठी फुकट किंवा अगदी थोडक्यात मिळते. गूगल साइट्स आहे, क्लाउडफ्लेअरसारख्या सेवांची मोफत योजना आहे. पण फुकटची सेवा बंद होऊ शकते, हे धरून चला. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. डोमेन स्वतःचं असेल तर ते दुसऱ्या जागेकडे वळवता येतं आणि गिऱ्हाइकासाठी पत्ता तोच राहतो. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कशासाठी, ते विचारा.

आता अक्षरांकडे येतो, कारण मराठी वेबसाइट बहुतेक वेळा इथेच कुरूप होते. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडचं पत्रक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात केलेलं असतं. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरं होतात. मग लोक पत्रकाचं चित्रच चढवतात, आणि ते वाचायला फोनवर दोन बोटांनी ताणत बसावं लागतं. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या, थोडा खर्च झाला तरी. फॉन्टला पैसे लागत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला मुक्ता गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि फोनवर छान वाचता येतो. मथळ्यांना जाडजूड अक्षर हवं असेल तर त्यांचाच बलू आहे.

टेम्प्लेट बहुधा इंग्रजी अक्षरांसाठी घडवलेली असतात, म्हणून चार गोष्टी हाताने बदलाव्या लागतात. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमध्ये ऐसपैस जागा सोडायची पद्धत आहे. तीच मराठीला लागली की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो, तेव्हा हे अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर उलट वाढवा, अक्षराच्या १.६ ते १.८ पट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना टेकतात. अक्षराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. काही फॉन्टांत त्याशिवाय आपल्या वळणाचे ल आणि श उमटतच नाहीत, हिंदी वळणाचे येतात.

रंगांत आंबेवाल्यांना पिवळ्याचा मोह होतो. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं उन्हात फोनवर दिसत नाहीत. पिवळा एखाद्या पट्ट्यापुरता ठेवा आणि अक्षरं गडद हिरवी किंवा काळपट तपकिरी घ्या. दोन रंग भरपूर झाले.

खरी शोभा येते फोटोंनी, आणि त्यांना फक्त वेळ लागतो. इंटरनेटवरचे आंबे उचलू नका. ते चित्र दुसऱ्याच्या मालकीचं असतं, शिवाय गिऱ्हाइकाने तेच आणखी दहा ठिकाणी पाहिलेलं असतं. सकाळी मोकळ्या सावलीत, फ्लॅश न लावता, साध्या फोनने काढा. झाकण काढलेली पेटी वरून, झेल्याने चाललेली काढणी, पेंढ्यात घातलेली आढी, आणि वजनकाट्यावर ठेवलेलं एक फळ, आकडा दिसेल असं. शेवटचा फोटो शंभर विशेषणांचं काम करतो. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. गूगलच्या मोफत ‘स्क्वूश’ने तो २०० केबीच्या आत आणा, नाहीतर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

विश्वासासाठी ठोस गोष्टी लिहा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले जिल्हे. तुम्ही नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर प्रमाणपत्राचा क्रमांक ठळक छापा. ‘कार्बाइडमुक्त’ असं मिरवू नका, कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे. त्यापेक्षा तुम्ही आंबा कसा पिकवता, आणि कच्ची पेटी घरी आल्यावर ती कुठे ठेवायची, हे सांगा. साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघालेल्या फळाचं काय करणार, तेही स्पष्ट लिहा. बाहेरून तो ओळखता येत नाही हे जाणकाराला ठाऊक असतं, आणि बदली फळ किंवा पैसे परत, असं आधीच लिहिणाऱ्याकडे तो पुन्हा येतो.

सुरुवातीला ऑनलाइन दुकानाची यंत्रणा नको. भाव हंगामात सारखा उतरतो, आणि पेमेंट कंपनी प्रत्येक व्यवहारावर आपला वाटा घेते. व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या. तिच्यात नंबराआधी ९१ लागतं, शून्य किंवा अधिकचं चिन्ह नाही. ‘मला पाच डझनांची पेटी हवी आहे, पिनकोड…’ असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. दरपत्रकाशेजारी तारीख घाला आणि ती बदलत राहा. जुनी तारीख दिसली की बाग बंद पडली असंच वाटतं. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची मोफत नोंद करा आणि तिला वेबसाइट जोडा.

मग घरातल्या सगळ्यांत स्वस्त फोनवर, वायफाय बंद करून पान उघडा. आंबा न विकणाऱ्या एखाद्या माणसाच्या हातात तो फोन द्या आणि पेटीचा भाव शोधायला सांगा. तो जिथे अडला तिथे दुरुस्ती करा.

मजकूर, नाव, अक्षरं ही कामं पावसाळ्यात निवांत होतात. फोटो मात्र एप्रिलमध्येच काढून ठेवा. जुलैत कलमावर फळ नसतं.