सोन्याचें सूत कातणारी



मराठींत 'कोळी' हा शब्द दोघांचा आहे: समुद्रांत जाळें टाकणाऱ्याचा आणि झाडाझुडपांत जाळें विणणाऱ्याचा. घरांतील जळमटें झाडतांना या दुसऱ्या कोळ्याविषयीं आदर वाटत नाहीं, हें खरें. परंतु पावसाळा संपतां संपतां सह्याद्रीच्या रानवाटेवर दोन झाडांमध्यें दोनतीन हात रुंद जाळें उन्हांत सोन्यासारखें झळकलें, कीं पाय आपोआप थबकतात.

हें जाळें 'नेफिला' या प्रजातीच्या मादीचें. लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८१५ सालीं हें ग्रीक नांव योजिलें. 'कातण्याची आवड असलेली' असा त्याचा अर्थ. आपल्याकडील 'नेफिला पिलिपेस' मादीचें पाय सोडून नुसतें शरीर ३ ते ५ सेंटिमीटर भरतें. नर मात्र जेमतेम ५-६ मिलिमीटरांचा! जाळ्याच्या मध्यांतून निघणारे आरे कोरडे असतात, त्यांवरचे वेढे चिकट. कीटक वेढ्यांना चिकटतो आणि त्याची धडपड आऱ्यांवरून मादीच्या पायांना कळते. कित्येक कोळी रोज जाळें मोडून नवें विणतात. ही मादी मात्र फाटलेला भाग तेवढा नवा करते.

मग या सुताचें वस्त्र कां होऊं नये? मादागास्कर बेटांत तसें झालेंहि. तेथें विणलेलें, ११ फूट लांबीचें सोनेरी वस्त्र २००९ सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडलें होतें. त्यासाठीं दहा लाखांहून अधिक माद्या धरून, सूत काढून पुन्हा सोडाव्या लागल्या. (त्यांची गणना तेव्हां नेफिलांतच होई, २०१९ पासून ती निराळ्या प्रजातींत होते.) रेशमाचे किडे एकत्र पाळतां येतात, या माद्या एकत्र कोंडल्या, तर एकमेकींस खातात. म्हणून हा धंदा कधींच फोफावला नाहीं.

सॉलोमन बेटांतील मच्छीमार मात्र कोळ्याच्या जाळ्याचा गोळा पतंगाला बांधून पाण्यावर नाचवितात. माशाचे दांत त्यांत अडकतात. दोन्ही कोळ्यांचा असा मेळ तेथें बसला आहे.

आपली मादी शेवटीं जमिनींत खळगा करून अंडीं पुरते आणि पुढला पिढीविस्तार पाहण्याआधींच मरते. तिच्या दंशानें माणसास सहसा धोका नसतो. तरी तिचा आकार पाहून काठी उगारली जाते, आणि एका फटक्यांत पुढल्या वर्षाचीं शेंकडों पिलें नाहींशीं होतात. तेव्हां रानांत असें जाळें आडवें आलें, तर क्षणभर पाहावें आणि खालून वांकून जावें. वाट आपल्यालाहि मिळते, तिचेंहि सूत तुटत नाहीं.