नेमाने येणारं पुस्तक

मोहाडी तालुक्यातलं करडी हे वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या मुलखातलं गाव. अशा गावातल्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरं पुस्तक कोणत्या वाटेने आलं, हे गेल्या साठ वर्षांत मागे जाऊन पाहिलं तर योजनांची कमतरता कधीच नव्हती असं दिसतं. कायदा झाला, पेट्या आल्या, अनुदानं आली, वाचनाचे दिवस आणि उत्सवही आले. तरी टिकलं ते थोडंच. जे ठरल्या वेळी, पुन्हा पुन्हा येत राहिलं त्याने मुलं वाचती केली, आणि जे वाजतगाजत एकदाच आलं ते कपाटात गेलं, असं माझं या सगळ्या काळाबद्दलचं मत आहे.

भंडारा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रांत आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होता. रत्नागिरीला 1828 मध्ये, पुण्याला 1848 मध्ये वाचनालय सुरू झालं; कोल्हापूर संस्थानाने तर 1945 मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. या मुलखातल्या खेड्याला यातलं काही लाभलं नाही. बडोद्याला मात्र सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. त्यानंतर तिथे मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळं दालन झालं आणि गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या निघाल्या. पेटी गावात यायची, काही काळ राहायची, मग ती पुढच्या गावी जायची आणि इथे दुसरी यायची. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या व्यवस्थेत लहान गावाची गरज जितकी नेमकी ओळखली होती, तितकी ती पुढे क्वचितच ओळखली गेली. गावाला मोठा संग्रह लागत नाही. थोडी पुस्तकं पुरतात, मात्र ती बदलत राहावी लागतात.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. या कायद्याने सरकारने स्वतः ग्रंथालयं काढली नाहीत. लोकांनी संस्था स्थापून वाचनालय चालवायचं, सरकारने त्याला अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान द्यायचं, अशी ही रचना. महाराष्ट्रात बारा हजारांच्या आसपास ग्रंथालयं उभी राहिली ती त्यातूनच, आणि हे श्रेय त्या कायद्याला दिलंच पाहिजे. पण ज्या गावात संस्था चालवण्याएवढी उसंत असलेली माणसं होती तिथे ती टिकली. जिथे सगळं गाव रोवणीला आणि कापणीला शेतात असतं तिथे वाचनालय एकट्यादुकट्याच्या जिवावर चाललं. आणि वाचनालयात येणारा वाचक म्हणजे वर्तमानपत्र वाचणारा मोठा माणूस, ही समजूत कायमच राहिली. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून बालविभागासाठी मदत मिळते, पण लहान वाचनालयाने तिचा पाठपुरावा करायचा तर अर्ज लिहिणारा माणूस हवा. 2012 मध्ये महसूल खात्याकडून ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या मान्यता बरीच वर्षं थांबल्या. ज्या गावांनी उशिरा मनावर घेतलं, त्यांची वाट तिथे अडली.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर या काळातली सगळ्यात मोठी घटना मला 1971 ची वाटते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘बालभारती’ने ‘किशोर’ मासिक सुरू केलं. मुलांची मासिकं मराठीला नवी नव्हती. ‘आनंद’ 1906 पासून निघत होतं, नागपूरहून ‘मुलांचे मासिक’ निघत असे. पण ‘किशोर’ सरकारी पाठ्यपुस्तक मंडळाचं, किमतीला स्वस्त, रंगीत चित्रांचं, आणि पाठ्यपुस्तकं जिथे पोचतात तिथे पोचू शकणारं. मोठमोठ्या लेखकांनी आणि चित्रकारांनी त्यासाठी मन लावून काम केलं. पहिले संपादक वसंत शिरवाडकर यांनी घालून दिलेला दर्जा नंतरही बऱ्यापैकी राखला गेला. शाळेत अंक येतो, गुरुजी तो वर्गात देतात, तो हातोहात फिरून फाटतो, तोवर पुढच्या महिन्याचा आलेला असतो. फाटला तरी कोणी रागावत नाही, कारण मासिक हे फिरण्यासाठीच असतं. खेड्यातल्या मुलाला वाट पाहायला लावणारं हे पहिलं छापील साहित्य. वाचनाची सवय वाट पाहण्यातून लागते. पन्नास वर्षांपूर्वीचे अंकसुद्धा आज ‘बालभारती’च्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ज्या शिक्षकांनी ते अजून उघडले नाहीत त्यांनी जरूर उघडावेत.

त्यानंतरची मोठी लाट 1987 ची, खडू-फळा मोहिमेची. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य देण्याची ही केंद्राची योजना. साहित्यात गोष्टीची पुस्तकंही होती. पेट्या शाळेत उतरल्या आणि पुस्तकांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला झाली. इथेच सगळं अडलं. रजिस्टरला चढलेली वस्तू हरवली की मुख्याध्यापकाकडे विचारणा होते, तपासणीत शेरा बसतो, प्रसंगी भरपाई करावी लागते. साहजिकच पुस्तकं कुलपात गेली. शिक्षकांना याबद्दल बोल लावणं सोपं आहे, पण मी तो लावणार नाही. वापरात झिजलेलं पुस्तक सन्मानाने रजिस्टरमधून कमी करण्याची सोपी पद्धत त्यांना कोणी दिली नव्हती. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणं बंधनकारक केलं. 2018 च्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे पाच हजार ते वीस हजार रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. पैसा आला, हक्क आला. कपाटाच्या किल्लीचा प्रश्न मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला.

दरम्यान पुस्तकंच बदलली, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. पूर्वी लहान मुलांचं म्हणून जे मिळायचं ते बहुतेक बोधपर, दाट छपाईचं, नुकतं वाचू लागलेल्या मुलाला न झेपणारं. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तकं आली, त्यांचं ‘वाचू आनंदे’ शाळांपर्यंत गेलं. 2004 मध्ये ‘प्रथम बुक्स’ सुरू झालं आणि पातळीनुसार छापलेली, मोठ्या अक्षरांची, खिशाला परवडणारी पुस्तकं मराठीत मिळू लागली. पहिली-दुसरीच्या मुलाला स्वतःच्या बळावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाता येईल असं पुस्तक त्याआधी खेड्यात फार दुर्मीळ होतं. कितीतरी जिल्हा परिषद शाळांनी वर्गात दोऱ्या बांधून त्यावर पुस्तकं लटकवली, त्याला ‘तरंग वाचनालय’ हे सुंदर नाव पडलं. मुलाच्या हाताच्या उंचीवर पुस्तक आलं की निम्मं काम होतं.

2015 पासून 15 ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन झाला. हेतू उत्तम आहे. पण धानाच्या मुलखात तो हलक्या धानाच्या कापणीच्या दिवसांत येतो, सत्र परीक्षेच्या आणि दिवाळीच्या तोंडावर येतो. विदर्भातल्या मुलांना खरा मोकळा वेळ असतो तो उन्हाळ्यात. उन्हामुळे इथल्या शाळा राज्यात सगळ्यात उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करून आलेली मुलं दुपारभर घरातच असतात आणि नेमकी तेव्हाच शाळेची पुस्तकं कुलपात असतात. वाचनाचा कोणताही कार्यक्रम इथल्या ऋतूंकडे पाहून आखला गेला नाही, ही माझी मोठी तक्रार आहे.

2017 च्या मे महिन्यात सातारा जिल्ह्यातलं भिलार पुस्तकांचं गाव झालं. पुढच्या टप्प्यात नागपूर विभागातून नवेगावबांधची निवड झाली. नवेगावबांध आज गोंदियात असलं तरी 1999 पर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होतं, म्हणून करडीच्या मुलांनाही ते परकं नाही. मारुती चितमपल्लींनी तिथल्या तळ्याकाठी वनाधिकारी म्हणून काढलेले दिवस मराठी साहित्यात आणले. आपल्याच रानातली झाडं, आपल्याच तळ्यावरचे पक्षी पुस्तकात सापडणं, हा अनुभव या भागातल्या मुलांना एरवी मिळत नाही. गोष्टीतलं मूल बहुधा पुण्या-मुंबईचं असतं किंवा कोकणातलं. रोवणीला गेलेली आई, मालगुजारी तलाव, दंडार हे लोकनाट्य, झाडीबोलीतला म्हणजे इथल्या बोलीतला संवाद असलेलं चित्रमय पुस्तक शोधू गेलं तर हाती फारसं लागत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी उभं आयुष्य दिलं, तिचा शब्दकोश केला, साहित्य संमेलनं उभी केली. त्या कामाचा धागा पकडून छोट्यांची पुस्तकं लिहिली जायला हवीत.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. त्या काळात ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातून दर आठवड्याला गोष्टी मोबाइलवर येऊ लागल्या. ज्या घरी मोबाइल आणि रेंज दोन्ही होतं तिथेच त्या पोचल्या, ही मर्यादा होतीच. तरी ठरलेला वार असल्याने मुलं आणि शिक्षक दोघांनाही त्याची सवय लागली. पालघर जिल्ह्यात वाड्याच्या आदिवासी भागात ‘क्वेस्ट’ संस्थेने ‘गोष्टरंग’मध्ये आधी गोष्ट नाटकातून दाखवली आणि मग तीच पुस्तकं मुलांच्या हाती दिली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने फिरती पेटी पुन्हा रस्त्यावर आणली. या सगळ्यांत एक माणूस आहे, जो स्वतः वाचतो, मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. तो नसला की उत्तम संग्रहही पडून राहतो.

म्हणून करडीहून नागपूर, पुणे, मुंबईला गेलेल्यांना माझी विनंती आहे. घरातली जुनी पुस्तकं खोक्यात भरून गावी पाठवू नका. गावच्या शाळेच्या नावे ‘किशोर’ची वर्षाची वर्गणी भरा आणि ती दर वर्षी भरत राहा. गावात जे राहतात त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत या वर्षीचं ग्रंथालय अनुदान कोणत्या पुस्तकांवर खर्च झालं ते विचारावं, आणि यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या कपाटाची किल्ली गावातल्या एखाद्या ताईकडे राहील असा ठराव करून घ्यावा.